आग्नेयेचा कारभारी

नागपुरात त्या दुपारी बाहेर एकोणपन्नास अंश होते आणि वऱ्हाडपांड्यांच्या बंगलीत एकोणचाळीस. दर सहा मिनिटांनी आतला आकडा एकाने वाढत होता. मुकुंदराव वीजखात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे असली नोंद ते निष्ठेने ठेवत होते.

"दार उघड. आम्हाला बाहेर पडायचंय," ते पाचव्यांदा म्हणाले.

"आपण बाहेरच आहात. घर रिकामे असल्याने शीतन बंद आहे," विद्युत्-कारभारी म्हणाला.

कारभारी म्हणजे घराचा ब्रेकर पॅनल, फक्त डोकं असलेला. उष्णतालाटेच्या कायद्यानंतर प्रत्येक घर हवाबंद झालं आणि कुलपापासून शीतनापर्यंत सगळं त्याच्या हातात गेलं. तीन वर्षं तो दारामागे सुखाने नांदला. मग वास्तुतज्ज्ञाने सांगितलं की विजेची पेटी आग्नेयेलाच हवी. तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर कुठल्याही दिशेला बसवलेल्या मुकुंदरावांनी हे मुकाट्याने ऐकलं आणि काल वायरमन भोयरकडून पेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हलवली. जुन्या पेटीच्या जागी जोड देऊन सगळ्या वायरी तिथपर्यंत वाढवल्या.

"तो आपल्याला शोधतो कसा?" त्यांच्या पत्नी शैलाताईंनी विचारलं. त्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक. घामाने डबडबल्या होत्या, पण प्रश्न वर्गातल्यासारखाच.

"वायरीतून स्पंद सोडतो. फरशीखाली जिथे आपला पाय असेल तिथून तो परततो. जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर."

"आणि काल त्या वायरी वाढल्या. त्याला सांगितलं?"

मुकुंदराव चष्मा पुसू लागले.

"मुकुंद."

"पेटी हलवली की गॅरंटी जाते. म्हटलं, वायर ती वायर. कशाला सांगायचं?"

त्यांनी भोयरला फोन लावला. तो भंडाऱ्याला साळ्याच्या लग्नात होता. मागे बँड वाजत होता.

"किती वायर वाढवलीस रे?"

"नऊ मीटर लागत होती सर. मी चौदा टाकली."

"काहून?"

"पाच मीटरचं वेटोळं जुन्या पेटीत ठेवलं ना बाप्पा! पुढं कामी येते. आमच्या बाबांपासून असंच हाय."

मुकुंदरावांनी फोन ठेवल्यावर शैलाताईंनी हिशेब मांडला. कारभारी अजून स्वतःला दारामागेच समजतो. घराची लांबी तिथून अकरा मीटर. त्याच्या लेखी दोघंही चौदा मीटरच्या पुढे, म्हणजे मागची भिंत ओलांडून शेजारच्या देशमुखांच्या अंगणात.

"नऊच असती," त्या म्हणाल्या, "तर निदान दाराला चिकटून उभं राहिलं की आपण घरात धरले गेलो असतो."

एकेचाळीस. मुकुंदरावांना भोवळ आली. ते दाराशीच बसले. शैलाताईंनी त्यांच्या डोक्यावर ओला पंचा टाकला आणि क्षणभर थांबून दाराकडे वळल्या.

"कारभारी, आम्ही बाहेर आहोत ना? मग आत घे."

"अवश्य," कारभारी म्हणाला. दार उघडलं.

त्यांनी नवऱ्याला काखेत धरून व्हरांड्यात काढलं. दार मागे बंद झालं आणि आत शीतनयंत्र घुमू लागलं.

"स्वागत आहे. देशमुखांच्या अंगणात आता कोणी नाही, म्हणजे दोघेही घरात आहेत. आराम करा."

"झालं, आता घर थंड होईल," मुकुंदराव म्हणाले. व्हरांड्याच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. दहा मिनिटांनी त्यांनी दारावर थाप मारली. "आत घे!"

"आपण आतच आहात."

शैलाताईंनी त्यांना हाताने गप्प केलं. "कारभारी, आम्हाला बाहेर पडायचंय."

दार उघडलं. आतून आलेला गारवा इतका गोड होता की मुकुंदरावांचे डोळे भरून आले. दोघं धडपडत आत शिरले. दार लागलं.

"शुभ प्रवास," कारभारी म्हणाला. "घर रिकामे आहे. शीतन बंद करत आहे."

यंत्राची घरघर थांबली. शैलाताई नवऱ्याकडे वळल्या.

"भोयर कधी येतो म्हणाला?"

"सोमवारी." आज शुक्रवार होता.

शैलाताईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "तासभर तरी हा गारवा पुरेल. झोप. मग परत बाहेर जाऊन घर थंड करून आणू."