तिसरा हात

दुकानात बिघडलेल्या वस्तू येतात आणि नीट होऊन जातात, हा मामाच्या धंद्याचा सरळ नियम. अडतीस वर्षांत त्याला अपवाद झाला नव्हता. त्या सोमवारी सकाळी मात्र एक बाई चांगला चालणारा कीबोर्ड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा पहिल्यासारखा बिघडवून द्या."

मामाने चष्मा कपाळावर चढवला. "बिघडवायचं कामही आम्ही करतो, वहिनी. पण ते गिऱ्हाइकाला न सांगता."

बाई हसल्या नाहीत. साठी-पासष्टीच्या असाव्यात. एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. कीबोर्ड त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, झोपलेलं मूल धरावं तसा. मामाने आत हाक मारली, "शास्त्रज्ञ! तुझं गिऱ्हाईक आलंय."

शास्त्रज्ञ म्हणजे मामाची भाची. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बसली होती, आणि पुढचं काही ठरेपर्यंत मागच्या खोलीत यंत्रं उघडत होती. मोजल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसे. मामा म्हणायचा, हिला चहा दिला तरी आधी थर्मामीटर घालेल.

तिने टेबलावर घेऊन खोळ काढली. कीबोर्ड ओळखीचा होता. अकरा दिवसांपूर्वी तिनेच तो उघडला होता, आणि कार्डावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'तक्रार: ठेका बदलायची बटणं आपोआप दाबली जातात. कारण: बटणांखालची रबराची पट्टी झिजली आहे. पट्टी बदलली. दोन तास तपासलं. ठीक.'

"तेव्हा एक गृहस्थ घेऊन आले होते," ती म्हणाली.

"माझा पुतण्या. मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, तेवढ्यात मला न विचारता घेऊन आला. चांगल्या मनाने आणला हो त्याने. घाबरला होता."

"कशाला, काकू?"

काकूंनी स्टूल ओढून घेतलं. "तुला वाजवता येतं?"

"नाही. फक्त उघडता येतं."

"मग ऐक. उजव्या हाताने गाणं वाजवायचं. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन पट्ट्या एकदम, धरली की ढोल, गिटार, बाकीची सगळी मंडळी आपोआप वाजायला लागतात. पण त्यांना मोकळं सोडलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच दळण दळतात. मुखड्याला ठेका साधा हवा, कडव्याला भरगच्च, पुन्हा मुखड्याला साधा. तो बदलायला डावीकडची ही चार बटणं. आणि माझे तर दोन्ही हात गुंतलेले. मग तिसरा हात आणायचा कुठून?"

"कुठून आणलात?" मामाने दारातूनच विचारलं.

"घरातच होता. हे."

'हे' म्हणताना त्यांची मान जरा डावीकडे वळली. तिकडे भिंतीला टेकवलेल्या दोन मोडक्या स्पीकरांखेरीज काही नव्हतं.

यजमान बसमध्ये कंडक्टर होते. सूर आणि सुपारी यातला फरक त्यांना कळत नव्हता, असं काकू म्हणाल्या. काकू स्वतः टायपिस्ट. निवृत्त झाल्यावर बोटं स्वस्थ बसेनात म्हणून कीबोर्ड घेतला. रविवारी दुपारी चार वाजता एक गाणं, हा दोघांचा शिरस्ता. हे स्टुलाच्या डावीकडे उभे राहायचे.

"गाणं नाही कळायचं, पण घंटी कधी मारायची ते कळायचं. माझी ओळ संपत आली की बटण दाबून धरायचे. दिवा लुकलुकायचा. ओळ संपली की सोडायचे. सोडलं की ठेका बदलायचा. मी अडखळले तर दाबायचेच नाहीत, थांबायचे. म्हणायचे, अख्खी बस खोळंबली तरी चालेल, चढणाऱ्याला घेतल्याशिवाय घंटी नाही."

मामा हसला. काकू पुढचं वाक्य जुळवत होत्या.

"तीन महिने झाले त्यांना जाऊन. तिसऱ्या रविवारी मी एकटी बसले. म्हटलं, राहू दे एकच ठेका, त्याला काय होतंय. पहिली ओळ संपत आली, आणि दिवा लुकलुकला."

बाहेर कुणीतरी शटर वर ढकललं.

"मला वेड लागलेलं नाही, बाळ. रबर झिजलं असेल. बिघाडच असेल. पण तो बिघाड माझ्या नवऱ्यासारखा होता. तेवढा मला परत दे."

*

मामा काही टाकत नसे, म्हणून जुनी रबरी पट्टी सापडली. बिस्किटांच्या डब्यात, इतर झिजलेल्या पट्ट्यांबरोबर. राखाडी रबर, त्यावर चार काळे ठिपके, एकेका बटणाखाली एक. चारांतला तिसरा बराच उडाला होता. असा ठिपका कधी लागतो, कधी लागत नाही. त्यात गूढ काही नव्हतं.

तिने पट्टी बसवली, कीबोर्ड चालू केला आणि नोंद ठेवणारी तार संगणकाला जोडली. एक तास नुसता ठेका चालू ठेवला. काही झालं नाही. टेबल हलवलं, बटणांवर गरम हवा मारली, शेजारच्या सुरांच्या पट्ट्या ठोकल्या. काही नाही.

"काकू, आता तुम्ही वाजवा."

काकूंनी बोटं चोळली. गाणं जुनं, संथ होतं. ऑपरेशनमुळे दोन रविवार हात लागला नव्हता. पहिल्याच ओळीच्या शेवटी त्या एका सुरावर अडकल्या. ठेका पुढे चालत राहिला. तिची नजर पडद्यावर होती. पडदा रिकामा. काकूंना सूर सापडला, त्यांनी ओळ पुन्हा धरली, ती संपत आली, आणि पडद्यावर एक रेघ उमटली. तिसरं बटण. दिवा लुकलुकून गेला, ढोल वळसा घालून भरगच्च ठेक्यावर आले.

काकूंचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. मामा दारात होता. तिचे स्वतःचे हात तिच्या मांडीवर होते. तिने ते पाहून घेतले.

गाण्यात ठेका चार वेळा बदलला. चारही वेळा ओळ संपता संपता.

काकू डोळ्यावरच्या पट्टीखालून गाल पुसत होत्या. "आलेत," एवढंच म्हणाल्या. मामाने कधी नव्हे तो स्वतः चहा करायला घेतला.

चहा होईपर्यंत तिने आकडे काढले. सवयच होती. कीबोर्ड उघडण्याआधी त्याच्या स्मृतीतली सगळी गाणी संगणकावर उतरवून ठेवायची, हा तिचा नियम. काकूंनी दर रविवारचं गाणं साठवलं होतं, आणि गाण्याबरोबर बटणांचा वेळही साठत होता. एकूण एकतीस गाणी.

"काकू, यातली काकांच्या वेळची कोणती?"

"बाविसाव्यापर्यंत."

पहिल्या बावीस गाण्यांत बटण दाबून धरलेला वेळ कधी पाऊण सेकंद, कधी सव्वा, मधूनच दीड. माणसाचं बोट असंच असतं. तेविसाव्या गाण्यात पहिल्यांदा बटण दाबलं गेलं, ते नव्वद शतांश सेकंद. दुसऱ्यांदा अठ्ठ्याऐंशी. मग शहाऐंशी. मग चौऱ्याऐंशी.

नऊ रविवार. छत्तीस वेळा. दर वेळी दोन शतांश कमी. एकदाही जास्त नाही, एकदाही चूक नाही. माणूस इतका नेमका नसतो. बिघाडही नसतो.

छत्तिसावी नोंद वीस शतांशांची होती. आता दुकानात वाजलेल्या गाण्याच्या चार नोंदी तिने त्याखाली मांडल्या. अठरा. सोळा. चौदा. बारा.

मध्ये अकरा दिवस रबराची पट्टी डब्यात पडली होती, पण त्याने रेषेला कुठे खंड पडला नव्हता.

पुढे काय, ते शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. दहा, आठ, सहा, चार, दोन. पाच वेळा. मग शून्य. प्रयोगशाळेत रेषा इतकी सरळ आली असती तर ती आनंदाने ओरडली असती. तिने पडदा मिटवला.

"नीट आहे ना गं?" काकूंनी विचारलं.

"आहे."

"मग रोज वाजवलं तर चालेल? रविवारची वाट बघवत नाही."

मामा चहाची बशी हातात धरून तिच्याकडे पाहत होता. तिला खरं सांगायचं होतं. पण तुमच्याकडे पाच उरलेत, असं कुणाला सांगतात?

"रोज नको," ती म्हणाली. "रबर झिजलंय. जपून वापरा."

"किती चालेल?"

"तसं सांगता येत नाही, काकू."

ती खोटं बोलली, आणि काकूंनी उघड्या डोळ्याने तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खोळ चढवली, आणि "सुखी राहा" म्हणून निघून गेल्या.

त्या दिवशी मामाने तिला एकदाही शास्त्रज्ञ म्हटलं नाही.

*

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, पुतण्या आला. दाढी वाढलेली.

"तुम्ही एकदा घरी चला," तो म्हणाला. "काकूला काही सांगून पटत नाही. दोन रविवार तिने कीबोर्ड उघडलाच नाही. समोर बसून राहायची नुसती. मागच्या रविवारी वाजवलं. मोठं गाणं, दोघांचं आवडतं. आणि शेवटची ओळ अर्धी टाकून थांबली. तेव्हापासून ठेका चालूच आहे."

"रविवारपासून?"

"बंद करू देत नाही. आवाज बारीक करून दुसऱ्या खोलीत झोपते, पहाटे उठून पुन्हा तिथेच. माझ्याकडून सहा मोठे सेल बसवून घेतले. वीज गेली तर, म्हणे."

"त्या मोठ्या गाण्यात ठेका किती वेळा बदलतो?"

पुतण्याने विचित्र नजरेने तिच्याकडे पाहिलं. "मी कशाला मोजू? चार-पाच वेळा असेल."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातच तिला ढोल ऐकू आला, अगदी बारीक, भिंतीपलीकडून घड्याळ ऐकू यावं तसा. दार लोटलेलं होतं. खोलीत ऊन होतं. खिडकीशी कीबोर्ड, त्याच्यासमोर स्टूल, स्टुलावर काकू. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. त्या स्टुलाच्या उजव्या टोकाला बसल्या होत्या.

"ये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुतण्याने पिडलं ना तुला? त्याला म्हटलं, मी जेवते, झोपते, आणखी काय हवं. पण त्याचं पालुपद चालूच."

"काकू, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होतीस? माझा जन्म टाइपरायटरवर गेला. बोट पट्टीवर किती वेळ टेकतं, ते मला तुझ्या यंत्राआधी कळतं. दर खेपेला दिवा लवकर विझत होता. तू आकडे पाहिलेस तेव्हा तुझा चेहरा पाहिला आणि उरलंसुरलं कळलं."

"मग वाजवलंत का?"

काकूंनी डावा हात कॉर्डवरून हलवला नाही. "न वाजवताही जातच होते की ते. दोन रविवार नुसती बसले, तर वाटलं, डावीकडे उभं राहून पाय दुखले असतील बिचाऱ्यांचे. म्हटलं, उगीच ताटकळत ठेवायचं कशाला? आपलं गाणं वाजवू आणि जाऊ देऊ." त्यांनी डावीकडे पाहिलं. "चार वेळा बदललं. पाचव्यांदा दिवा लागला आणि माझा हात थांबला. एवढी ओळ संपवली की ते सोडतील. सहा सूर उरलेत गं. मला वाजवता येईनात."

ठेका चालला होता. साधा, मुखड्याचा. एकच दळण.

दिवा लुकलुकत होता. तिने घड्याळ पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. दोन शतांश सेकंद. डोळ्याला दिसायलाही पुरत नाहीत.

ती वाकली.

चार बटणांपैकी तीन वर होती. तिसरं बटण खाली होतं. बाकीच्या बटणांपेक्षा दीड-दोन मिलिमीटर खाली, रबर पूर्ण दबलेलं. पुतण्या दारातच उभा होता. काकूंचे हात तिच्या डोळ्यांसमोर होते, एक कॉर्डवर, एक मांडीवर. बटणावर ऊन पडलं होतं. त्या उन्हात धूळ तरंगत होती, आणि बटणाच्या वरच्या चार बोटं जागेत ती वळसा घालून जात होती.

तिने बोट पुढे केलं.

"हात नको लावूस," काकू कुजबुजल्या. "दचकतील आणि सोडतील."

तिने हात मागे घेतला.

ढोल वाजत राहिला. ती बटणाकडे पाहत राहिली. पुष्कळ वेळाने ते केसभर वर आलं, थांबलं, आणि पुन्हा सावकाश खाली गेलं. फार वेळ उभा असलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, तसं.