थोरलीची निळी पट्टी

“आधी निवड जपून ठेव, मग पानाला हात लाव. नाहीतर आईचं बोट हवेतच राहील गं.”

थोरली बहीण धाकटीला हे दहादा सांगायची.

आता थोरली नाही. तिचं हे वाक्य मात्र धाकटीच्या कानातून जात नाही...

धाकटी माझ्या शेजारची. खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम; तेव्हा घडलं तेवढंच सांगते.

दोघी बहिणी वेबपानं बनवायच्या. आईचे डोळे अधू झाले, तेव्हा थोरलीने तिच्यासाठी एक पान केलं. टॅबवर गोष्टीच्या ओळींवरून बोट ओढायचं. कुठे सुरुवात, कुठे शेवट, ही दोन टोकं ब्राउझर धरून ठेवतो. मधलं सगळं निळं होतं; हीच निवड. जेवढं निळं, तेवढं पान वाचून दाखवायचं.

थोरलीच्या आवाजात. एकेक वाक्य तिने स्वतः म्हणून भरलं होतं.

थोरली गेली. आवाज राहिला.

आईचं औषधपाणी, अंघोळ, उठवणं-बसवणं, सगळं धाकटी करायची. आणि आई?

“थोरलीच्या हाताला गुण होता हो,” ती आल्यागेल्याला सांगायची. “गेली तरी माझ्याशी बोलते.”

“आणि मी काय भिंतीशी बोलते?”

“तू बोलतेस कुठे? ओरडतेस!”

सगळे हसले. धाकटीही हसली. पण पोटात निखारा पडला तो पडलाच. जित्या लेकीपेक्षा गेलेली लाडकी!

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आई आत पडलेली. बाहेरच्या खोलीत धाकटीने लॅपटॉप उघडला आणि थोरलीचा सगळा कोड पुसला. आवाजाच्या फायलीही. त्या जागी स्वतःचा आवाज घातला. पानाच्या तळाशी थोरलीचं नाव होतं. ते काढून आपलं लिहिलं.

पानावर काही ओळी आधीच निवडलेल्या, निळ्या होत्या; रागाच्या भरात ती निवड जपायची राहिली. अख्खा मजकूर एका फटक्यात बदलला. असं केलं की आधीची निवड सुटते. निळं काही उरत नाही.

पडद्यावर निळी पट्टी तशीच होती...

तिने निवड काढून टाकायची आज्ञा दिली. पट्टी हलली नाही. मग तिने ब्राउझरलाच विचारलं, किती निवडी आहेत?

उत्तर आलं. शून्य.

टक्...

शिफ्टची कळ आपणहून खाली गेली होती. कुणीतरी दाबून धरावी तशी.

मग बाणाची कळ. टक्... टक्... पट्टी अक्षराअक्षराने सरकू लागली. थोरली अशीच निवडायची. माऊस तिला आवडायचा नाही.

धाकटीचे दोन्ही हात मांडीवर होते.

पट्टी तळाला पोचली. धाकटीच्या नावाचं पहिलं अक्षर निळं झालं. मग दुसरं. मग शेवटचं...

आणि थांबली.

पुसायच्या कळीवरची हवा गार पडली होती.

“नको,” धाकटी पुटपुटली. “ताई, नको.”

तेवढ्यात आतून आवाज आला. थोरलीचा. संथपणे गोष्ट वाचणारा...

“अगं, ऐकलंस का?” आई म्हणाली. “आज मी बोटही लावलं नाही, आपणहूनच वाचतेय. पण मध्येच विचारते काय, धाकटी कुठे आहे?”

धाकटीने मान वळवली.

टॅब तिच्याच शेजारी होता. चार्जिंगला लावलेला... बंद.

“उद्याही वाचेल ना गं ती?”

धाकटी आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, “वाचेल, आई. मी बघते.”

आतला आवाज थांबला. पट्टी विरली. ते काय होतं, ती आजही सांगू शकत नाही. काम करताना मात्र डावा हात शिफ्टवरून उचलत नाही.

थोरलीच्या आवाजाच्या फायलींची एक प्रत तिच्या नवऱ्याकडे, भावोजींकडे होती. उठता-बसता बायकोचे गोडवे गातात म्हणून धाकटीने त्यांच्या घरची पायरी चढणं सोडलं होतं.

लॅपटॉप मिटायचा धीर तिला झाला नाही. तिने चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि भावोजींच्या घराची वाट धरली.