हातावर मीठ घेणारा काका

"काका, हे घे मीठ," म्हणत दिपिकाने चिमूटभर मीठ पुढे केलं आणि जगनकाकाने सरळ तळहात पसरला.

दिपिका त्या हाताकडे बघतच राहिली. मिठागरात वाढलेला काका मीठ कधीच हातावर घेत नसे. हातावर घेतलं की भांडण होतं म्हणायचा आणि आधी ताटात ठेवायला लावायचा.

"दमला असेल गं," तिचा धाकटा भाऊ निकेश म्हणाला.

पनवेलहून सुट्टीला आलेली मैत्रीण यूम्ना मात्र दिपिकाला अंगणात ओढत कुजबुजली, "अवकाशतळावर काकांसारखे हुबेहूब यंत्रमानव बनवलेत ना? ते जेवतात, हसतात, सगळं करतात."

गव्हाण गावापलीकडच्या त्या तळावर आज यानाची चाचणी होती. काका आणि त्याच्या दोन अंतराळवीर साथीदारांना घरी सोडून त्यांच्या जागी ते यंत्रमानव वर जायचे होते. उड्डाणानंतर यानातली हवा काढून टाकणार होते, कारण यंत्रांना श्वास लागत नाही. मग घरात जेवतोय तो यंत्रमानव असेल, तर यानात कोण होतं?

"काका, पाण्यात तोंड बुडवायची पैज लावतोस?" निकेशने पिंप दाखवलं. दोघांनी तोंडं बुडवली. निकेश खोकत बाहेर आला, पण काका तसाच वाकलेला. एक बुडबुडासुद्धा नाही.

"पुरे आता," दिपिका रडवेल्या आवाजात म्हणाली.

तो लगेच उठला. "जिंकलो ना मी?" त्याला धापही लागली नव्हती.

यूम्नाने मोबाईलवर सगळं टिपलं होतं. त्या काकाला घेऊन तिघं रिक्षाने तळाकडे निघाली. वाटेत त्याने नेहमीसारखं दिपिकाचं डोकं थोपटलं. हात छान उबदार होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

तळावर उड्डाणाची उलटी मोजणी चालू होती. स्पीकरवर यानातून काकाचा आवाज येत होता, "बाई, दार उघडा. आमी माणसं हाव."

"ऐकलंत? इतकं छान शिकवलंय आम्ही त्यांना," तळाच्या प्रमुख अरुंधतीबाई कौतुकाने म्हणाल्या.

"मग हा कोण?" दिपिकाने मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

बाईंनी चित्रण पाहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या जगनच्या नाकाखाली हात धरला. छाती वरखाली होत होती, पण हाताला वारा लागत नव्हता. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"मोजणी थांबवा. यानाचं दार उघडा आधी!"

घोटाळा साधाच होता. यंत्रं आणि माणसं एकाच गणवेशात एका खोलीत बसली होती. ड्रायव्हरने 'घरी जाणारे चला' म्हणताच सांगितलेलं ऐकायची सवय असलेली यंत्रंच आधी उठली. मागे राहिलेल्या माणसांना कोणी नीट विचारलंही नाही, आणि त्यांचं ओरडणं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

"यंत्रांना आम्ही सगळं शिकवलं, पण आमच्या कँटीनमध्ये मीठ टेबलावरच असतं, कोणी कोणाला हातात देत नाही," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या तळावर डोकं चाललं ते तुमचं तिघांचंच. तीन जीव वाचवलेत तुम्ही."

दिपिकाचं तिकडे लक्षच नव्हतं. घामाने निथळणारा, धापा टाकणारा जगनकाका यानातून उतरत होता. ती धावत जाऊन त्याला बिलगली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिने मोकळं केलं.

"आगो, रडतेस कनाला?" काकाचाही आवाज कापत होता. "मी हाय ना."