चकव्याची रेघ

"ओ ताई, थांबा!"

धुक्यातून आवाज आला आणि पिंकी गांगुर्डेच्या अंगावर सर्रकन काटा आला. जानेवारीतली पहाट, धरणाकडचा निर्मनुष्य रस्ता. डाव्या हाताच्या द्राक्षबागेत जागोजागी धूर कोंडला होता आणि त्या धुरात निखारे लुकलुकत होते. त्यातूनच एक आकृती तिच्याकडे आली. डोक्यावरून घोंगडी घेतलेली. घोंगडीच्या आत चेहराच दिसेना!

"भूत नाय मी, प्रफुल्ल हाय," घोंगडी मागे सारत तो हसला. "गारठ्यानं मणी तडकतात, म्हणून बागेत धूर करतोय. तुमची टोपी पडली मागं."

"ताई म्हणू नका," पिंकी धापा टाकत म्हणाली. हेच का बोलले, ते तिचं तिलाच कळेना.

"बरं. मग रोज कुठं पळता एवढ्या जीव तोडून?"

"रेघेपर्यंत."

तिची पोलीस भरतीची ही तिसरी आणि शेवटची खेप होती. सातपूरच्या कंपनीत राबणाऱ्या वडिलांनी प्रेमानंच सांगितलं होतं, यंदा नाही झालं तर नाद सोडायचा. पिंकीने टेपने आठशे मीटर मोजले, दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या आणि पहाटे स्कूटीवरून येऊन धावायला लागली. तीन मिनिटांच्या आत पोचायचं होतं. पोचली की घड्याळ बघायची, स्वतःलाच चार शिव्या द्यायची आणि तशीच माघारी वळायची.

त्या दिवसापासून धुरातून रोज हाक यायची. "काय मग, आज काय दिसलं?"

"घड्याळ!"

"अजून?"

अजून काय दिसणार? पण शेवटच्या रेघेकडे पळताना गालातल्या गालात हसू यायचं, हे मात्र खरं... आणि ते आलं की ती आणखी जोरात पळायची.

मग एका पहाटे बाभूळ मागे पडली, तरी रेघ आली नाही.

पिंकी धावतच राहिली. ती रेघ तर बाभळीला चिकटून मारली होती! धुक्यात चार पावलं पुढे काहीतरी पांढरं दिसलं. तिने वाकून बोट लावलं. रेघ ओली होती, कुणी आत्ताच ओढल्यासारखी. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

"चकवाच तो," घरी शकुआत्या म्हणाली. "वाट संपूच देत नाय माणसाची."

दिवसाढवळ्या पिंकी हसली. पण पहाटे हसू येईना. रेघ रोज थोडी पुढे असायची आणि घड्याळात रोज तीन मिनिटं दहा सेकंद. छाती फुटेस्तोवर धावली तरी तीन दहाच. पाठीमागून कुणीतरी रस्ता ओढून लांबवतंय असं तिला वाटायला लागलं.

विसाव्या पहाटे रेघ थेट प्रफुल्लच्या शेकोटीसमोर होती. पिंकी तिथेच बसली आणि रडायला लागली.

"मला चकवा लागलाय हो... मी पोचतच नाही."

"चकवा लागला तर धावू नये," तो हळूच म्हणाला. "एका जागी बसावं. उजाडलं की वाट दिसते."

ती बसली. त्याने निखाऱ्यातलं रताळं काढून दिलं. हळूहळू उजाडलं, धुकं वर सरकलं आणि समोर लांबच लांब पाणी चमकलं. पाण्यावर बदकं होती. दोन महिने रोज यायची ती, पण रस्त्याच्या पलीकडे पाणी इतकं जवळ आहे हे तिला आज कळलं. किती बरं वाटलं! तिने वळून त्याला ते सांगायला तोंड उघडलं आणि तिची नजर त्याच्या हातांवर खिळली.

त्याच्या नखांत चुना होता.

"तू?"

प्रफुल्लची मान खाली गेली. "तू रेघेपाशीच थांबायची, अन् रेघ होती बाभळीपाशी. म्हटलं, रेघच आणावी शेकोटीपाशी. ओल्या गोणपाटानं पुसायचो, रोज चार पावलं..."

"माझं सगळं आयुष्य टांगलंय त्या रेघेला!"

"मला वाटलं... रेघ म्हणजे दमल्यावर थांबायची जागा."

पिंकीने चुन्याचा डबा लाथेने उडवला आणि ती तरातरा निघाली. स्कूटी चालू करताना मात्र तिचा हात थबकला. वीस दिवस, रोज चार पावलं... म्हणजे ऐंशी पावलं जास्त धावूनही तीन दहा?

भरतीच्या मैदानावर तिने आठशे मीटर दोन मिनिटं सत्तावन्नमध्ये मारले.

आणि तरीही लेखी परीक्षेसाठी निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. गोळाफेकीने घात केला, दीड गुणाने. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या पहाटे, थंडीची शेवटची लाट आलेली असताना, गजर नसताना तिला जाग आली. पाय आपोआप बूट शोधायला लागले. घड्याळ तिने खणातच ठेवलं.

धुरात प्रफुल्ल उभा होता. तिला बघून त्याच्या हातातली काटकी गळून पडली.

"आता कशाला आलीस?"

"धावायला."

"...काय दिसलं?"

"बाभळीवर घरटं आहे. धूर आज पाण्याकडे वाहतोय. आणि शेकोटीपाशी एक चुनेवाला, ज्याच्यावर मला अजून राग आहे..." ती थांबली. "आणि ज्याच्यावाचून करमतही नाही."

तो नुसता बघत राहिला. तिनेच नजर खाली वळवली आणि दचकली. शेकोटीसमोरची रेघ जागेवर नव्हती. धुक्यात तीसेक पावलांवर ती पांढरी दिसत होती. ओली.

"परत?"

"आईशपथ, मी नाय! तू गेल्यापासून चुन्याला हात लावला नाय." त्याने बोटं पुढे केली. नखं स्वच्छ होती.

दोघांच्याही अंगावर शहारा आला. पण पिंकीने ती पुढे आलेली बोटं धरली आणि सोडली नाहीत.

"चल, बघू कुठवर जाते."

"अन् सापडली नाय तर?"

"तर आणखी चालू."

दोघं धुक्यात शिरले. रेघ आली. तिथे मात्र कुणीच थांबलं नाही.