किसनरावांच्या पेटीतला कप

“बाई, आबाजीले चोर म्हणून पुस्तकात छापून राहिले,” पौर्णिमा दारातूनच म्हणाली. “कालपासून त्यायनं अन्नाले हात लावला नाही.”

दुर्गाबाई जठारपेठेत खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला भाचा गोपाल. पोरगा मनाचा सोनं, पण डोकं सावकाश चालायचं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

पौर्णिमाचे आजोबा किसनराव तरुणपणी कोकणात, समुद्राकाठच्या गोल्फ क्लबात माळी होते. तिथला चांदीचा कप हरवला, आळ त्यांच्यावर आला, नोकरी गेली. आता क्लबाची शंभरी. इतिहास लिहिणारे ललित काल घरी आले, जुने फोटो मागितले. पौर्णिमाच्या भावाने, कुलदीपने, माळ्यावरची पेटी काढून दिली.

“मी चहा करत होती, कुलदीप नाश्ता आणाले गेल्ता. मी चहा घेऊन आली तर ललित सर पेटीतून कप काढून राहिले. लगेच माह्या हातात देल्ला. तवापासून कपाटात कुलपात हाय.”

घरी किसनराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुर्गाबाईंनी पेटी उघडली. तळाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला, पानं अख्खी. कप होता तिथे मात्र गोल भुगा.

“पाला कधीचा?”

“गुढीपाडव्याचा. दरसाल पेटी रिकामी करून हिरवा पाला अंथरतो आमी.”

आता तर दिवाळी तोंडावर आली होती.

कुलदीपचं जुन्या वस्तूंचं दुकान. गोपालचा संशय तिथेच अडकला. तो ओळखून कुलदीप म्हणाला, “चोरीचा माल मी आबाजीच्या पेटीत काऊन ठेवीन?”

दुर्गाबाईंनी बोलावून घेतलेले ललित शांत होते. “वाईट वाटतं हो. पण कप माझ्या जन्माआधीच गेलेला. मी तो कालच पहिल्यांदा पाहिला.”

“आत विजेत्यांची नावं असतील ना?” दुर्गाबाईंनी कप मागवला. “गोपाल, झाकण काढ.”

गोपालने ओढून पाहिलं. कुलदीपने उजवीकडे पिळलं. झाकण हलेना.

“आणा इकडे.” ललितांनी झाकण खाली दाबलं, डावीकडे फिरवलं. ते अलगद निघालं.

“काल पहिल्यांदा पाहिलात आणि लगेच हिच्या हातात दिलात,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मग ही खुबी कुठे शिकलात?”

ललितांनी झाकण खाली ठेवलं.

“हिरव्या पाल्यावर वजन ठेवलं तर पानं चपटी वाळतात. इथे भुगा आहे. म्हणजे पाला वाळल्यावर कप आला. आणि पेटीजवळ एकटे होतात तुम्हीच. असे कप सेक्रेटरीच्या ताब्यात असतात. तेव्हा क्लबाचे सेक्रेटरी कोण होते?”

“माझे वडील,” ललित म्हणाले. “ते गेल्यावर त्यांच्या कपाटात सापडला. त्यांच्याबद्दल मी काय लिहिणार होतो? म्हणून कप इथे आणून ठेवला.”

गोपालला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. तेवढ्यात किसनराव उठून बसले.

“तुह्या बापाचं काय लिहाचं ते तू पाह्य. माह्या नावापुढं चोर नोको. त्या खाऱ्या वाऱ्यात हरळीचं गवत म्या जगवलं, तेवढं लिही.”

ललितांनी मान डोलावली.

“पौर्णिमे,” म्हातारा म्हणाला, “वाढ आता जेवाले.”