हिंगणीचं गाणं

डिसेंबरातलं लग्न होतं, सेलूला, माझ्या मामेबहिणीचं. वरात यायची म्हणून आम्ही मुली मंडपाच्या दारात आरतीची ताटं घेऊन उभ्या होतो. वरात मात्र चौकातच अडली होती, कारण समोरून कापसाचे ट्रॅक्टर येत होते. बँडवाले तिथंच उभं राहून एकामागून एक गाणी वाजवत होते. नेहमीचीच. आणि मग एकाएकी… सगळी वाद्यं थांबली आणि एकटा ट्रम्पेट सुरू झाला.

संथ, जरा उदास. दूरच्या शेतातून कुणीतरी हाक मारावी तसा. ढोल कितीतरी वेळ गप्प राहिला आणि मग असा पडला, की माझ्या ताटातला दिवा थरथरला.

ते गाणं मला पाठ होतं! वर्ध्याच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर मी कार्यक्रम करते. आमच्या केंद्रप्रमुख लीनाताईंनी मला एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्यावर कार्यक्रम करायला सांगितलं होतं. जगभरच्या पोरांनी ज्याच्यापायी केस वाढवले, बापाशी भांडून गिटारी घेतल्या, संपात आणि मोर्चात जे गायलं, ते गाणं. "समीक्षा, एका गाण्यानं माणसं कशी बदलतात ते सांग," असं ताई म्हणाल्या होत्या. मी लंडन-अमेरिकेचं पुष्कळ काही गोळा केलं होतं. आणि तेच गाणं सेलूच्या चौकात लाल कोटातला एक मुलगा डोळे मिटून वाजवत होता.

मी ताट बहिणीच्या हातात कोंबलं आणि थेट वरातीत घुसले.

"अहो… हे कुठलं गाणं आहे?"

त्यानं डोळे उघडले. ट्रम्पेट खाली घेतला, ओठ पुसले. मग माझ्या नऊवारीकडे, नथीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुमी नवरीकडच्या न? मंग इकडं कायले आल्या? वरात ओढून न्याले?"

"गाणं कुठलं ते सांगा ना."

"हे आमच्या हिंगणीचं गाणं आहे, जी."

"हिंगणीचं? अहो, हे इंग्रजी गाणं आहे. रॉक!"

"असंल," तो शांतपणे म्हणाला. "नेलं असंल इंग्रजांनी आमच्याकडून."

मला इतकं हसू आलं, की नथ सावरावी लागली. त्याचं नाव रजत. बँड त्याच्या मोठ्या काकांचा, पुंडलिकरावांचा. गाणंही त्यांनीच बसवलेलं.

"रविवारी हिंगणीले येजा," तो म्हणाला. "मोठेबाबा सांगतीन सगळं. आणि… नथ घालूनच येजा, असं काई नाई."

*

रविवारी मी रेकॉर्डर घेऊन गेले. नथ न घालता.

पुंडलिकराव अंगणात खाटेवर बसले होते, उन्हात. उंच, सडपातळ म्हातारे, आवाज मऊ. त्यांच्या तरुणपणी बोर धरणाजवळच्या जंगलात एक नवा अधिकारी आला होता. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर. संध्याकाळी तो व्हरांड्यात हे गाणं लावायचा आणि पुंडलिकराव कुंपणाबाहेर उभं राहून ऐकायचे. शब्द एकही कळला नाही. सूर मात्र घरी नेले.

"तवा बँड म्हंजे पयल्यापासून धडाधड," ते म्हणाले. "या गाण्यानं आमाले थांबाले शिकवलं. ढोलवाला मले शिव्या दे! म्हने, मी काय नुसता उभा राहू? मंग लोकंच म्हनाले लागले, ते हिंगणीचं वाजवा. आर्वीपर्यंतचे बँडवाले शिकून गेले. पोळ्याले वाजे, शाळेच्या गॅदरिंगले वाजे."

"आणि बायका?" रजतनं हळूच विचारलं. "ते सांगा न, मोठेबाबा."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"त्या वख्ती बायका वरातीत मांगं राहत. बँडपुढं मानसंच नाचत. एका लग्नात… नवरदेवाची बहीन पुढं आली आन् नाचली. आनंदा तिचं नाव. समदं गाव पाहून राह्यलं. मले वाटलं, थांबवावं. पन हात थांबेच ना." ते हसले. "पुढच्या लग्नात तिच्यासंग चारजनी होत्या. मंग कोन थांबवते?"

"आता कुठं असतात त्या?"

"तळेगावले देल्ली तिले." एवढं बोलून ते चहाचं पाहायला आत गेले.

रजत मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "मोठेबाबांनं लगन केलं नाई."

आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"बँड आता तू चालवतोस?" मी कधी 'तू' वर आले ते माझं मलाच कळलं नाही. त्याला कळलं. तो गालात हसला.

"हा सीझन शेवटचा. आता सगळ्यायले डीजे पाह्यजे. मले चाकणले कंपनीत लागलं हाय. संक्रांतीनंतर जातो."

समोरून बस येत होती. मला ती अजून जरा उशिरा यायला हवी होती.

*

लीनाताईंनी हिंगणीचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं. "लंडन कमी कर," त्या म्हणाल्या. "आणि त्या आनंदाबाईंना शोध. त्यांच्याशिवाय हे अर्धंच आहे."

म्हणून मग रजतच्या मोटरसायकलवरून आम्ही तळेगावला गेलो. पुंडलिकरावांनाही येता का म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमीच जा. माहा नमस्कार सांगजा."

आनंदाबाई अंगणात संत्र्यांच्या ढिगाजवळ बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, डोळे एकदम मिश्कील. गाण्याचं नाव काढताच खळखळून हसल्या.

"नाचली म्हंजे! पायच जाग्यावर राह्यले नाई, बाई. भाऊ कितीक महिने बोलला नाई माह्याशी. आन् मंग त्याचीच बायको नाचली पुढच्या साली!" त्यांनी एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं. "पन त्या दिवशी भेव गेलं, ते गेलंच. इथं सरपंचकीले उभी राह्यली, तवा लोक म्हने, बाईमानूस चारचौघात कशी बोलंल? म्या म्हटलं, चारचौघात नाचून आली मी, बोलाचं काय घेऊन बसले?"

मग मी भीतभीत पुंडलिकरावांचा नमस्कार सांगितला.

त्यांचे हात थांबले.

"बरा हाय का तो?… माह्या लग्नात त्यानंच वाजवलं. तेच गानं. पन किती हळू वाजवलं, बाई. मी मांडवात बसून ऐकून राह्यली होती." त्यांनी सालं पदरात गोळा केली. "वाजवता ये त्याले. बोलता नाई आलं. म्या लय वाट पाह्यली. एकडाव इचारलं असतं, तं मी हो म्हनली असती. घरचे काई म्हनोत."

आतून कुकरची शिटी झाली. मग त्यांनी रजतकडे पाहिलं आणि दुसरं संत्रं त्याच्या हातात ठेवलं.

"तू पुतन्या न त्याचा? घे. खा."

*

परतीच्या वाटेवर दोन्हीकडे संत्र्याच्या बागा होत्या. ऊन कलत होतं. मी रजतच्या पाठीमागे बसून वाऱ्यात उडणारी ओढणी एका हातानं धरली होती. दुसरा हात कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. शेवटी त्याच्या खांद्यावर ठेवला.

गाडी जराशी डगमगली.

"रजत…"

"हं."

"तुला मला काही विचारायचं आहे का?"

"…हाय."

"मग विचार."

"गाडी चालवून राह्यलो न. मांगं पाहून कसं विचारू?"

"मग थांबव गाडी."

त्यानं थांबवली. एका बागेच्या कडेला, निंबाखाली. हेल्मेट काढलं आणि उगीचच पुसत बसला. हजार माणसांसमोर ट्रम्पेट वाजवणारा मुलगा, कानापर्यंत लाल झाला होता.

"मी संक्रांतीनंतर चाकणले चाललो, तुले माहीतच हाय," तो हेल्मेटशी बोलला. "खोली लहानशीच राहीन. तुह्या घरचे मास्तर लोकं, आमी बँडवाले. तुह्या बाबाले कसं वाटंल, मले मालूम नाई. आन् तुहा रेडिओ वर्ध्याले. म्हनून म्या ठरवलं होतं, की काईच नाई बोलाचं."

"आणि आता?"

त्यानं मान वर केली. पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"आता विचारतो. समीक्षा, मले तू आवडते. सेलूच्या चौकात भेटली तवापासून. माह्याशी लगन करशीन का?"

माझ्या मनात तयार करून ठेवलेली कितीतरी वाक्यं होती. बाबांना मी सांगेन, नोकरीचं पाहू, तू आधी जाऊन ये. त्यातलं एकही आठवलं नाही. मी "हो" म्हणाले. नेमका त्याच वेळी बाजूनं भला मोठा ट्रक गेला.

"काय म्हनली?" तो घाबरून म्हणाला. "नाई म्हनली?"

"हो म्हणाले!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "हो! हो!"

ट्रक लांब गेला. रस्ता एकदम शांत झाला. झाडांमागे संत्री तोडणाऱ्या बाया हात थांबवून आमच्याकडेच पाहत होत्या, आणि त्यांतली एक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता तरी ऐकलं का रे, बाबू? आमी तं समद्यायनं ऐकलं!"