टायटनचं उत्तर

घोरपडीला आज्ञा पाठवली की ओवी पाटणकर खुर्ची मागे सरकवून कादंबरी उघडायची. घोरपड म्हणजे शनीच्या टायटन या चंद्रावर सरपटणारं सहा चाकांचं यान. आज्ञा तिथं पोचायला सव्वा तास, उत्तर यायला सव्वा तास. प्रकाशाला घाई करता येत नाही, म्हणून त्या अडीच तासांवर कोणी हक्क सांगत नसे. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते, दोन मुलं होती. ओवीचं सगळं वाचन याच प्रतीक्षाकाळात व्हायचं. सध्या ती जहाजं बांधणाऱ्या एका घराण्याची जाडजूड कादंबरी वाचत होती.

नियंत्रण केंद्रात तिच्या सहकाऱ्यानं, ओजस गावितनं, 'प्रतिरूप' आणलं आणि हे सगळं बदललं.

"प्रतिरूप म्हणजे संगणकातला दुसरा टायटन," गावितनं बैठकीत सांगितलं. "तशीच जमीन, तसंच गुरुत्वाकर्षण, तशीच घोरपड. इथं आज्ञा दिली की उत्तर लगेच. महिन्याचा रस्ता आपण एका दिवसात आखू. खरी घोरपड मागून त्याच रस्त्यानं चालत राहील."

"जिथली जमीन आपण पाहिलीच नाही, तिथं काय?" ओवीनं विचारलं.

"तिथं प्रतिरूप अंदाज करतं."

"आणि पुढचा अंदाज त्या अंदाजावर. चूक वाढत जाईल."

"वाढेल. पण धोका दिसला तर घोरपड आपणहून थांबते. यान गमावणार नाही."

"मग दर वळणाला थांबू या. खऱ्या टायटनचं उत्तर आलं की पुढे जाऊ."

केंद्रप्रमुख डॉ. मुजावर तिच्याकडे रोखून पाहत म्हणाले, "ओवी, खरं सांग. तुला वाचायला वेळ हवाय म्हणून हे चाललंय?"

"हो सर, त्यासाठीही. पण म्हणून चूक लहान होत नाही."

कोणीतरी हसलं. तिची सूचना तिथंच बारगळली.

त्यानंतर श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. एक आज्ञा संपते न संपते तोच दुसरी समोर यायची. घरी गेल्यावर ओवी पुस्तक उघडायची, तेच पान पुन्हा वाचायची आणि चष्म्यासकट झोपून जायची. असे आठवडे गेले. एकदा मुलीनं विचारलं, "आई, जहाजाचं पुढं काय झालं?" ओवीला सांगता येईना. नायकाचं नावसुद्धा पटकन आठवलं नाही, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत डबा आणि कादंबरी घेऊन थेट अँटेनांच्या आवारात जाऊन बसू लागली. फोन टेबलावर ठेवून. पहिल्याच आठवड्यात मुजावरांनी तिला बोलावून घेतलं.

"काल तुला तातडीनं शोधत होतो."

"तो अर्धा तास मी केंद्रात नाही असं समजा, सर. बाकी वेळ माझ्या कामात कसूर दिसली तर सांगा."

"उपप्रमुखपदासाठी तुझं नाव पुढे होतं. असं वागलीस तर मला विचार करावा लागेल."

"करा," ती शांतपणे म्हणाली. दुपारी ती आवारात गेलीच. उपप्रमुखपद गावितला मिळालं. तिला वाईट वाटलं. तरी ती जात राहिली. कधी चार पानं व्हायची, कधी दहा.

प्रतिरूपातली घोरपड आखलेल्या रस्त्याच्या शेवटच्या मुक्कामाला पोचली तेव्हा केंद्रात पेढे वाटले. त्याच आठवड्यात खऱ्या घोरपडीचं छायाचित्र आलं. आखलेल्या मार्गाच्या अगदी सुरुवातीला, एका काळ्या चिखलाच्या काठावर ती थांबली होती. प्रतिरूपानं तिथं खडक गृहीत धरला होता. पुढचा सगळा रस्ता त्या खडकावरून जात होता, त्यामुळे आखलेलं सगळं रद्द झालं.

गावित बराच वेळ आकडे तपासत बसला. शेवटी म्हणाला, "चिखल किती खोल आहे, हे प्रतिरूपाला कळणार नाही. चाक टेकवून घोरपडीनंच सांगायला हवं. एका आज्ञेच्या पलीकडे माझा अंदाज टिकत नाही."

"म्हणजे?" मुजावरांनी विचारलं.

"एक आज्ञा, मग उत्तर येईपर्यंत थांबायचं. या पट्ट्यात वाचलेला वेळ मुळी वाचलाच नव्हता, सर. त्याची उधारी फक्त साचत होती."

ओवीनं पहिली आज्ञा पाठवली. चाक बोटभर पुढे. आता अडीच तास कोणाच्या हाती काही नव्हतं. मंडळी रिकाम्या पडद्यांकडे पाहत अवघडून बसली. थोड्या वेळानं मुजावर तिच्या टेबलाशी आले.

"तुझी ती कादंबरी चालू असेल ना?"

"परवाच संपली. तुम्हाला हवी?" तिनं खणातून काढून त्यांच्या हातात दिली.

"आणि तू आत्ता काय करणार?"

"चिखलाचं गणित बघते. हा वेळ टायटननं दिलाय, सर. कडक जमीन लागली की तो काढूनही घेईल. माझा दुपारचा अर्धा तास मात्र कायम राहील."

मुजावरांनी कादंबरी हातात तोलून पाहिली.

"राहील," ते म्हणाले, आणि शेजारची खुर्ची ओढून पहिलं पान वाचायला बसले.